रिव्हर्स गिअरमधून गुडगाव

दिल्लीला लोक कशाकशासाठी जातात. कुणी मंत्र्याला भेटायला, कुणी नोकरीच्या मुलाखतीला, कुणी आग्र्याला जाताना वाटेत उतरायला. मी गेले ती माझ्या जीपचं पोट वर उचलून घ्यायला. परत आल्यापासून हे वाक्य मी ज्याला सांगितलं तो हसला. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी एकदमच हसून घ्यावं आणि मग माझं ऐकावं.

जव्हारच्या पुढे, डोंगराच्या कुशीत माझा दवाखाना आहे. पलीकडच्या पाड्यांवर जायचं तर मध्ये ओढा लागतो. उन्हाळ्यात त्यात नुसते दगड, पावसाळ्यात दगडांवरून कंबरभर पाणी, आणि पूर ओसरला की जुने दगड जाऊन तिथं नवे, त्याहून मोठे येऊन बसलेले. पूल नाही. पुलाचं नुसतं बोलणं चालू आहे, मी डॉक्टर होऊन इथं आले तेव्हापासून.

दिल्लीला गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात पलीकडची जनी अडली. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, जीप सहज गेली असती. पण मधल्या एका धोंड्यावर गाडीचं पोट टेकलं आणि चाकं नुसती जागच्या जागी भिरभिरायला लागली. जनी आत कळा देतेय आणि मी बाहेर पाण्यात उभी राहून गाडी ढकलतेय. शेवटी लोकांनी तिला घोंगडीच्या झोळीतून दवाखान्यात आणली. जनी वाचली, बाळ गेलं. पुढच्या वर्षी जनीला पुन्हा दिवस गेले होते आणि भाद्रपदातली तारीख होती. मी मनाशी ठरवलं, यंदा गाडी अडकणार नाही.

आता मोटारीतल्या कुठल्याही शहाण्याला विचारा, तो सांगतो, "मोठे टायर घाला, स्प्रिंगा उंच करा." अहो, स्प्रिंगा उंच केल्या की वरचा सांगाडा तेवढा वर जातो. आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो ना, डिफरन्शियल, तो जिथल्या तिथं लोंबकळत राहतो, आणि धोंड्यावर टेकतो तो तोच! टायर मोठे घातले तर तो जेमतेम दोन बोटं वर जातो. त्याला नीट वर न्यायचं तर सबंध आसच चाकाच्या मध्याहून वर गेला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक चाकापाशी गिअरचा एक डबा बसवतात. आस वरून डब्यात शिरतो, चाक डब्याच्या खालच्या टोकाला लागतं, आणि मधे दात्यांची चक्रं फिरून खालचं चाक फिरवतात. चार चाकांना चार डबे, की गाडी पोटासकट वीतभर वर. नाशिकच्या गॅरेजवाल्यानं हे समजावून सांगितलं आणि वर म्हणाला, "बाई, हे काम आपल्याकडं होत नाही. दिल्लीलाच जावं लागेल." मी दिल्लीलगतच्या गुडगावच्या एका गॅरेजात फोनवरून डबे सांगून ठेवले आणि मे महिन्यात निघाले.

आर. के. पुरम

सोबत माझ्या वन्सं होत्या. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. अंगानं किरकोळ, आवाजानं मात्र घाटापलीकडे ऐकू जाणाऱ्या. "वहिनी, तुम्ही एकट्या जीप घेऊन दिल्लीला जाणार आणि मी इथं पापड लाटत बसणार? शक्य नाही," असं म्हणून त्यांनी दशम्यांचा डबा भरला. त्यांना लहानपणापासून एकदा पानिपतला जाऊन हात जोडायचे होते, हेही एक कारण होतं. वाटेतल्या धुळीचं आणि पंक्चरांचं मी काही सांगत बसत नाही.

माझा धाकटा भाऊ माधव केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. त्याची मुलगी ऋचा तिथंच जन्मली, तिथंच वाढली. मी कशासाठी आलेय ते सांगितल्यावर तिनं विचारलं, "आत्या, ओढा म्हणजे काय? ओढनीसारखं काही?"

"अगं, नाला," माधवनं मधेच सांगून टाकलं. "ताई, इथं ओढा कुणाला बिल्कुल कळणार नाही. नाला म्हण सरळ."

"अच्छा, नाला!" ऋचा म्हणाली. "तो तर आपल्या मागेच आहे. त्यात गाडी का घालायची, यार?"

तिनं गच्चीवरून दाखवला तो नाला. काळाकुट्ट, वर फेस, कडेला प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि वास असा की वन्संनी पदर नाकाला लावला तो जेवायच्या वेळी काढला. मी ऋचाला म्हटलं, "बाई ग, आमच्या ओढ्याचं पाणी आम्ही पितो. त्याला पुन्हा नाला म्हणायचं नाही." रात्री राजमा-चावल मात्र फार छान झालं होतं, तेवढ्यावर माझा राग गिळून टाकला.

गुडगाव

गुडगाव तेव्हा नुकतं उगवत होतं. मोहरी काढलेल्या शेतात मधेच काचेची इमारत, तिच्या सावलीत म्हशी बसलेल्या, आणि म्हशींच्या डोक्यावर फलक: या, परदेशासारखं राहा. रस्ते आठ गाड्या जातील एवढे, पण चालणाऱ्या माणसाला एक फूट जागा नाही. नवा बाजार उघडला होता, आतून थंडगार. त्याच्या दारात उभं राहिलं की गार झुळूक यायची म्हणून वन्सं दोनदा दाराशी उभ्या राहून आल्या. नवीन पैसा आला की माणसाला आधी काय सुचतं ते पाहायचं असेल तर त्या वर्षांत गुडगावला जायला हवं होतं.

गॅरेजच्या मालकाचं नाव गोल्डी. गळ्यात साखळी, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही हातांत दोन मोबाइल. माणूस गोड बोलणारा. आल्या आल्या शिकंजी, म्हणजे तिकडचं लिंबूसरबत, मागवली. मग विचारलं, "मॅडमजी, जीप कहाँ चलाओगे?"

माधवचं ऐकून मी म्हटलं, "नाला पार करना है."

गोल्डीचा चष्मा कपाळावर गेला. "नाला? नाले में तो सीवर होता है जी. आप म्युनिसिपालिटी से हो?"

मागे गॅरेजमधले सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डोंगर, दगड, पाणी, जनी, सगळं माझ्या मराठी हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "समझ गया जी. हमारे कस्टमर तो बस शौक के लिए उठवाते हैं. गाडी ऊँची, तो बंदा ऊँचा." म्हणजे जे नव्हतं म्हणून माझी जनी झोळीतून आली, ते इथं मिशीला पीळ द्यावा तसं चाललं होतं!

डबे मात्र त्यानं मन लावून दाखवले. एकाचं झाकण काढलं. आत दात्यांची तीन चक्रं, एकाखाली एक. मी म्हटलं, दोन का नाहीत? त्यानं बोटांनी करून दाखवलं. रसवंतीचा चरक आठवा. एक लाट उजवीकडे फिरली की तिला टेकलेली दुसरी डावीकडे फिरते. डब्यात दोनच चक्रं असली तर आस पुढे फिरतो आणि चाक मागे. मधे तिसरं घातलं की पुन्हा सरळ. दोनवाले डबेही मिळतात, पण मग आसच उलटा करून बसवावा लागतो. "आपके तीनवाले हैं जी. नेकी का काम है, एक नंबर माल." मला तो त्या क्षणी आवडला, हे कबूल करते.

वन्संनी तेवढ्यात पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली. नवं यंत्र बिनापूजेचं कसं वापरायचं? चारही डब्यांवर त्यांनी हळदकुंकवाची बोटं ओढली. लोखंड ग्रीसनं चिकट होतं, त्यामुळं कुंकू असं घट्ट बसलं की पुसून जायचं नाव नाही. मला हसू आलं. गोल्डीनं मात्र बूट काढून हात जोडले आणि म्हणाला, "कल हो जाएगा."

पानिपत

ते "कल" काही येईना. आज वीज नाही, आज मिस्तरी गावाला, आज बोल्ट यायचेत. रोज बसनं गुडगावला जायचं, रोज शिकंजी प्यायची आणि परत यायचं. जव्हारला मी कुणाला "उद्या या" म्हटलं तर तो उद्या पहाटेच दारात येऊन बसतो. इथं "कल" म्हणजे निव्वळ एक नम्रपणा आहे, हे कळायला मला वेळ लागला. शेवटी गोल्डीच म्हणाला, "मॅडमजी, आप टेन्शन बहुत लेते हो. पानीपत घूम आओ. आओगे तो गाडी खडी मिलेगी."

ऋचाला घेऊन आम्ही बसनं पानिपतला गेलो. वाटेत ढाब्यावर मुळ्याचे पराठे खाल्ले, वर लोण्याचा गोळा, तो वितळायच्या आत दुसरा. लढाईच्या जागी एक बाग आहे, एक खांब आहे आणि शांतता आहे. वन्सं चप्पल काढून उभ्या राहिल्या, हात जोडले, डोळे मिटले. मग त्यांनी तिथल्या चौकीदाराला विचारलं, "इथं आमच्याकडची माणसं येतात का हो?"

"आते हैं जी," तो बिडी विझवत म्हणाला. "मराठे आते हैं, रोते हैं, फिर बाजार से चादर लेके जाते हैं."

वन्संचा चेहरा लालबुंद झाला. "मेल्याला काही लाजलज्जा?" असं त्या बसस्टॉपपर्यंत म्हणत होत्या. ऋचा हळूच म्हणाली, "पण आत्या, आमच्या कॉलेजमध्ये पानिपत म्हणजे खरंच चादरी." मग आम्ही दोन चादरी आणि एक कांबळं घेतलं. वन्संनी घासाघीस अशी केली की दुकानदारानं हात टेकले. निदान एका मराठी बाईनं पानिपतात कुणाला तरी नमवलं.

पुन्हा गुडगाव

जीप खरंच उभी होती. काय उभी होती! मला आत चढायला स्टूल लागलं, वन्संना मी आणि ऋचानं दोन बाजूंनी उचललं. वरून गोल्डीचं टक्कल दिसत होतं. मी खुशीत किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप धाडकन मागे जाऊन गोल्डीच्या तुळशीच्या कुंडीवर आदळली.

मला वाटलं माझाच हात चुकला. गिअर काढला, पुन्हा पहिला टाकला. पुन्हा मागे. दुसरी कुंडी.

गोल्डी चष्मा सारखा करत आला. "चल तो रही है ना मॅडमजी," तो म्हणाला. "आगे जाना हो तो रिव्हर्स डालो. आदत पड जाएगी."

आदत! चार गिअर मागे जायला आणि एक पुढे जायला! मी काही बोलणार तोच वन्सं खाली उतरून चाकाशी वाकल्या होत्या. तिथून त्यांचा तो घाटापलीकडचा आवाज आला, "वहिनी! माझं कुंकू कुठंय?"

चारही डबे पाहिले. स्वच्छ. कुंकवाचा ठिपका नाही, हळदीचा डाग नाही. हे आमचे डबे नव्हतेच. हे दोन चक्रांचे होते, आणि आस न उलटवता तसेच ठोकून दिले होते.

गोल्डीनं आधी दोन्ही मोबाइलवर बोलून पाहिलं. मग खरं सांगितलं. विकी नावाचा एका बिल्डरचा मुलगा, त्याची सगाई होती, त्याला उंच जीपमधून जायचं होतं आणि घाई होती. "क्या करता जी? उनका फंक्शन है. आपका तो नाला है. नाला कहाँ भागा जाता है?"

ह्या वाक्यानं माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो लिहिताना आजही होतोय. नाला कुठं पळून जातो! अरे, ओढा नाही पळून जात. जनीचे दिवस पळतात, मृग पळत येतो, पाणी चढत येतं. मी गोल्डीला विकीचा पत्ता कागदावर लिहून द्यायला लावला आणि ऋचाला म्हटलं, "बस, आपण ह्याच गाडीनं जायचं."

आणि गेलो. पुढं जायला रिव्हर्स. त्यात माझ्या जीपला मागे जाताना वाजणारा तो भोंगा बसवलेला, रिव्हर्स टाकला की सुरू. त्या रुंद, नव्या, झगझगीत रस्त्यावरून एक जीप बैलगाडीच्या चालीनं पुढं चाललीय, मागचा दिवा पेटलेला, भोंगा सारखा किंचाळतोय, आणि मागं काळ्या काचांच्या गाड्यांची रांग हॉर्न मारतेय. एकजण शेजारून ओरडला, "आंटी, रिव्हर्स लगा है!" वन्संनी मान बाहेर काढून त्याला शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "ठाऊक आहे! तू तुझं बघ!" ऋचा आधी खाली वाकून बसली होती. अर्ध्या वाटेवर ती सरळ बसली आणि हात हलवून मागच्यांना थांबवायला लागली.

विकीची वस्ती म्हणजे भिंतीआडचं एक वेगळंच गाव होतं. आणि फाटकाशी काय असावं? पूल! कमानीचा, संगमरवरी कठड्याचा पूल. खाली निळ्या फरशीचं डबकं, तेही कोरडं. नदी नाही, ओढा नाही, गटारसुद्धा नाही. नुसता शोभेला पूल. आमच्याकडं माणसं झोळीतून येतात आणि इथं ह्यांनी कशावर पूल बांधलाय! मी जीप त्या पुलाच्या मधोमध आडवी लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली कमरेला खोचली.

आत येणाऱ्या गाड्या बाहेर, बाहेर जाणाऱ्या आत. चौकीदार आला, त्याचा साहेब आला. वन्संनी दशम्यांचा डबा उघडला. मग फुलांच्या माळा घातलेली उंच जीप घेऊन विकी स्वतः आला, कारण त्याला बाहेर पडायचं होतं. मी त्याच्या चाकाकडं बोट दाखवलं. डब्यावर हळद, कुंकू, जसंच्या तसं.

मी त्याला सगळं सांगितलं. ओढा सांगितला, धोंडा सांगितला, जनी सांगितली. तो पोरगा वाईट नव्हता. घड्याळ पाहत म्हणाला, "सो सॅड, आंटी. पर आज सगाई है." त्याचे वडील आले, त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मैं शोरूम से नई गाडी भिजवा देता हूँ. रास्ता छोडिए." मी म्हटलं, "तुमची नवी गाडीही त्याच धोंड्यावर अडकेल." दोघांनाही माझं म्हणणं कळत होतं आणि दोघांवरही त्याचा काही परिणाम होत नव्हता.

तेवढ्यात विकीची आई आली. जरीचा दुपट्टा, हातात पूजेचं ताट. मागोमाग घरातला माणूस लस्सीचे ग्लास घेऊन, कारण भांडायला आलेल्या बाईलासुद्धा ही मंडळी उपाशी ठेवत नाहीत, हे मात्र सांगायला हवं. तिनं चाकाकडं पाहिलं. "ये रोली किसने लगाई?"

"मैंने," वन्सं म्हणाल्या. "हमारे गाडी का शकुन है."

बाईचा चेहरा पांढरा पडला. "किसी और का शगुन? मेरे बेटे की सगाई में? ना जी ना!" ती नवऱ्याकडं वळली. "अभी उतरवाओ. अभी के अभी."

झालं. गोल्डीला फोन गेला. त्याची माणसं जॅक, पाने, पेट्या घेऊन धावत आली. जो माणूस इतके दिवस "कल" म्हणत होता, त्यानं त्याच दिवशी, त्याच पुलावर, आमचे डबे विकीच्या गाडीवरून काढून आमच्या गाडीला चढवले. विकी सगाईला वडिलांच्या मोटारीतून गेला. ऊन उतरायच्या आत मी पहिला गिअर टाकला आणि जीप पुढं गेली. वन्सं टाळ्या वाजवत होत्या.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण परतताना एकच गोष्ट डाचत होती. जनीचं नाव मी त्या पुलावर दहा वेळा घेतलं, त्यानं कुणाचं काही हललं नाही. एका बाईचं मेलेलं बाळ चालतं, दुसऱ्याचं कुंकू चालत नाही. ऋचा मागच्या सीटवरून म्हणाली, "आत्या, ओढा म्हणजे ओढाच. मी आता नाला नाही म्हणणार." तेवढंच बरं वाटलं.

ओढा

भाद्रपदात जनीला कळा सुरू झाल्या तेव्हा पाणी गुडघ्याच्या वर होतं. जीप त्या धोंड्यावरून गेली. खाली कुठं टेकली नाही, घासली नाही. जनीला मुलगी झाली, दवाखान्यात, माझ्या हातांवर. वन्संनी बाळाला पानिपतच्या चादरीत गुंडाळलं.

इथंच हे संपलं असतं तर मी हे सगळं हसत हसत लिहिलं असतं. पण पाऊस ओसरल्यावर पुलाच्या जागेची पाहणी करायला एक साहेब आले. पलीकडं जायला त्यांच्या गाडीची हिंमत होईना, म्हणून माझ्या जीपमध्ये बसले. स्टुलावरून चढले, वर बसून खूश झाले. "वा डॉक्टर, गाडी काय मस्त करून घेतलीत हो! दिल्लीहून ना?" ओढ्यात उतरलो तशी ते खिडकीतून पाण्याकडं पाहत म्हणाले, "कागदावर हा नाला आहे. नाल्यावर एवढा पूल मंजूर होणं तसं अवघडच. आणि आता काय, तुमची गाडी जातेच की. मी लिहून टाकतो, तूर्त गरज नाही."

मी जीप ओढ्याच्या मधोमध थांबवली. इंजिन बंद केलं आणि किल्ली कमरेला खोचली. चारी बाजूंनी पाणी वाहत होतं, गाडीच्या पोटाला न लागता.

"काय झालं? बंद पडली?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "उतरा साहेब. इथून पुढं आमची माणसं चालत जातात."